भावंडांची युरोपातील मोटारयात्रा: दुसऱ्या चालकाचे खरे काम

तुमच्या प्रश्नाचा सारांश असा: तुम्ही एकतीस वर्षांच्या आहात आणि भाऊ तेवीस वर्षांचा. दोघांनाही गाडी चालवता येते. सप्टेंबरमध्ये तीन आठवड्यांची सुट्टी आहे, आणि पॅरिसहून भाड्याची गाडी घेऊन अ‍ॅमस्टरडॅम, बर्लिन, प्राग, व्हिएन्ना, व्हेनिस, रोम, बार्सिलोना असे फिरून पुन्हा पॅरिसला यायचा बेत आहे. ‘आम्ही आळीपाळीने चालवणार आहोत, त्यामुळे अंतराची अडचण येणार नाही,’ असे तुम्ही लिहिले आहे आणि हा मार्ग जमेल का, असे विचारले आहे. जमण्याचा प्रश्न असेल तर जमेल. परंतु बरीच वर्षे युरोपात स्वतः गाडी चालवल्यानंतर आणि इतरांचे मार्ग आखून दिल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, दोन चालक असले म्हणजे दुप्पट अंतर कापता येते हा समजच अशा यात्रेचा सर्वात मोठा शत्रू आहे.

आधी हिशेब पाहू. तुमच्या मार्गाची बेरीज साधारण ५,४०० किलोमीटर होते. त्यातला रोम ते बार्सिलोना हा एकच टप्पा सुमारे १,३५० किलोमीटरचा आहे आणि बार्सिलोना ते पॅरिस हजाराच्या वर जातो. आठ टप्प्यांची सरासरी पावणेसातशे किलोमीटरच्या आसपास येते, म्हणजे थांबे, पेट्रोल आणि शहराबाहेर पडण्याची कोंडी धरून जवळजवळ अख्खा दिवस. शिवाय हे सगळे अंतर मोटारमार्गांवरचे आहे, जिथे दोन्ही बाजूंना आवाज अडवणाऱ्या भिंती आणि समोर मालमोटारींची रांग यांखेरीज फारसे काही दिसत नाही. (रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून बार्सिलोनाला गाडीसकट नेणारी बोट आहे आणि ती साधारण वीस तास घेते. तुमचा मार्ग कायमच ठेवायचा असेल, तर निदान तो टप्पा बोटीने करा.)

दुसरी गोष्ट म्हणजे, तुम्ही निवडलेल्या आठही शहरांत गाडी ही सोय नसून ओझे आहे. इटलीतील जुन्या शहरांच्या मध्यभागी ‘झेडटीएल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. रोम, फ्लॉरेन्स, बोलोन्या, पिसा अशा ठिकाणी त्याच्या वेशीवर कॅमेरे असतात, आणि परवानगी नसलेली गाडी आत गेली की प्रत्येक प्रवेशाचा स्वतंत्र दंड लागतो. नकाशा दाखवणारे अ‍ॅप त्या गल्लीतून खुशाल नेते. हॉटेल क्षेत्राच्या आत असेल तर तिथल्या लोकांना गाडीचा क्रमांक आधी कळवून नोंद करून घेता येते, पण ती विनंती आपणच करावी लागते. जर्मनीतील अनेक शहरांच्या पर्यावरण-क्षेत्रांत काचेवर हिरवे स्टिकर लागते. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते बहुधा असतेच, पण दुसऱ्या देशातून आणलेल्या गाडीवर असेल असे गृहीत धरू नये. व्हेनिसमध्ये तर गाडीचा रस्ता शहराच्या तोंडाशी असलेल्या प्याझाले रोमा या चौकापाशी संपतो. त्यामुळे गाडी अलीकडच्या मेस्त्रेत ठेवून दहा मिनिटांच्या रेल्वेने आत जाणे स्वस्त पडते. पॅरिस ते अ‍ॅमस्टरडॅम रेल्वेने साडेतीन तासांच्या आत होते आणि पॅरिस ते बार्सिलोना थेट गाडीने सात तासांच्या आत. मोठी शहरे रेल्वेने करावीत आणि जिथे रेल्वे पोहोचत नाही किंवा पोहोचली तरी मनासारखे थांबू देत नाही, तिथेच गाडी घ्यावी, हा नियम मी सर्वांना सांगतो.

आता दुसऱ्या चालकाविषयी. युरोपात परक्या माणसाने गाडी चालवणे हे एका वेळी दोन माणसांचे काम आहे. स्टिअरिंगवरच्या व्यक्तीचे सगळे लक्ष रस्त्याच्या उजव्या बाजूला राहण्यात, उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य देण्यात आणि वेगमर्यादेत गुंतलेले असते. वेगमर्यादा देशागणिक आणि हवेगणिकही बदलते: फ्रान्स आणि इटलीच्या मोटारमार्गांवर ती कोरड्या हवेत १३० आणि पावसात ११० आहे, स्वित्झर्लंडमध्ये १२०, आणि जर्मनीत जिथे मर्यादा नाही तिथेही १३० हा शिफारस केलेला वेग आहे. त्याच वेळी कोणीतरी पुढची पाटी वाचायची असते, टोलनाक्यावर योग्य रांग निवडायची असते आणि पार्किंगच्या यंत्राशी झगडायचे असते. इटलीत पिवळ्या पाटीची रांग ‘टेलेपास’ म्हणजे टोल आपोआप भरणारे उपकरण गाडीत असणाऱ्यांची असते. त्या रांगेत चुकून शिरल्यास मागे येता येत नाही. कार्डासाठी निळी आणि रोख पैशांसाठी पांढरी पाटी पाहावी. फ्रान्समध्ये काही मोटारमार्गांवर आता टोलनाकाच उरलेला नाही. कॅमेरा क्रमांक टिपतो आणि बहात्तर तासांच्या आत आपण होऊन इंटरनेटवर पैसे भरायचे असतात. हे सर्व एकट्या चालकाने सांभाळायचे म्हटले तर तो दोन तासांत थकतो. म्हणून भाऊ हा तुमचा बदली चालक नव्हे, किंवा तुम्ही त्याच्या नव्हे. दोघांपैकी जो चालवत नसेल तो पूर्णवेळ सहचालक आहे, आणि सहचालकाने झोपू नये. एकदा हे मान्य केले की दिवसाचे अंतर आपोआप अडीचशे किलोमीटरच्या आत येते, आणि घाटरस्त्यांवर तर दीडशेही पुरेसे होतात.

या हिशेबाने मी तुम्हाला पॅरिसऐवजी म्युनिकहून निघणारा आणि तिथेच संपणारा मार्ग सुचवतो. सुरुवातीचे तीन-चार दिवस पॅरिसला घालवून थेट रेल्वेने सहा तासांच्या आत म्युनिक गाठता येते. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडली तर भरमसाट जादा शुल्क लागते, म्हणून वर्तुळाकार मार्गच परवडतो. म्युनिकहून झाल्झबुर्ग, तिथून ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता ओलांडून लिएन्झ. १९३५ साली खुला झालेला हा रस्ता ४८ किलोमीटरचा आहे, त्यावर ३६ हेअरपिन वळणे आहेत, त्याचा टोल स्वतंत्र आहे आणि तो रात्री बंद असतो, त्यामुळे सकाळी लवकर चढायला लागावे. लिएन्झहून स्लोव्हेनियातील क्रान्स्का गोरा आणि ब्लेड. तिथून १,६११ मीटर उंचीचा व्हर्शिच घाट उतरून सोचा नदीच्या खोऱ्यात बोवेत्सला मुक्काम करावा. व्हर्शिचची पन्नास वळणे क्रमांक घातलेली आहेत, आणि उत्तरेकडच्या बाजूला वळणावरचा रस्ता दगडी फरशीचा असल्याने पावसात घसरतो. हा रस्ता पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला गेला. १९१६ च्या मार्चमध्ये हिमस्खलनात त्यांच्यातले अनेकजण गाडले गेले. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेले लाकडी प्रार्थनामंदिर वाटेतच लागते, तिथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बोवेत्सहून व्हेनिस, आणि व्हेनिसहून डोलोमाइट पर्वतात कोर्तिना. कोर्तिना ते बोल्झानो हे अंतर नकाशावर किरकोळ दिसते, पण २,२३९ मीटरच्या पोर्दोई खिंडीसह अनेक घाट असलेल्या या पट्ट्याला मी नेहमी निदान तीन रात्री देतो. पुढे स्टेल्व्हियो खिंड: उंची २,७५७ मीटर, प्रातो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन वळणे, बांधकाम १८२० ते १८२५ या काळातले. सप्टेंबरमध्ये तो बहुधा खुला असतो, मात्र एवढ्या उंचीवर सप्टेंबरातही अचानक बर्फ पडू शकते आणि वर्षातला एखादा दिवस तो केवळ सायकलस्वारांसाठी राखून ठेवतात, म्हणून आदल्या संध्याकाळी खात्री करावी. स्टेल्व्हियो उतरल्यावर बोर्मियो, तिरानो, बर्निना खिंड आणि सेंट मॉरिट्झ. तिरानो ते सेंट मॉरिट्झ या मार्गावरची लाल रेल्वे २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. एक दिवस गाडी तिरानोत ठेवून ती रेल्वे करावी, म्हणजे दोघांनाही एकाच वेळी खिडकीबाहेर पाहता येईल. इतर कोणत्याही दिवशी ते शक्य नसते. शेवटी यूलियर खिंडीतून लिख्टेनश्टाइन, कॉन्स्टन्स सरोवराकाठचे लिंडाऊ, फ्युसेन आणि म्युनिक. ही सगळी फेरी वळशांसह दोन हजार किलोमीटरच्या आत बसते. फक्त एक सावधगिरी: सप्टेंबरच्या उत्तरार्धात म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट सुरू होतो आणि खोल्यांचे भाव गगनाला भिडतात, त्यामुळे शेवटचा मुक्काम शहराबाहेर विमानतळाच्या बाजूला ठेवावा.

मोटारमार्गांच्या शुल्काविषयी थोडक्यात. जर्मनीत मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात ठरावीक मुदतीचे व्हिनेट, म्हणजे मोटारमार्ग वापरण्याचा पास, घ्यावे लागते आणि ते आता गाडीच्या क्रमांकावर डिजिटल स्वरूपात मिळते. स्वित्झर्लंडमध्ये मात्र वर्षभराचेच, चाळीस फ्रँकचे व्हिनेट आहे, मग तुम्ही एकच दिवस जा किंवा वर्षभर. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनिया यांना जोडणाऱ्या कारावांकेन बोगद्याचे शुल्क व्हिनेटमध्ये येत नाही. हे टाळायचे असेल तर इटलीतील तार्विझियोवरून साध्या रस्त्याने क्रान्स्का गोराला पोहोचता येते, आणि तो रस्ता अधिक सुंदरही आहे.

गाडीच्या करारावर मात्र सविस्तर बोलायला हवे, कारण भावंडांच्या बाबतीत बहुतेक भांडणांचे मूळ तिथे असते. करारात ज्यांची नावे असतात तेवढ्याच लोकांना विम्याचे संरक्षण असते. भावाचे नाव न घालता ‘मधूनच तासभर चालवेल’ असा विचार केला आणि त्या तासात अपघात झाला, तर संपूर्ण नुकसान तुमच्या अंगावर येते. दुसऱ्या चालकासाठी बहुतेक ठिकाणी रोजचे जादा शुल्क असते, आणि वय पंचविसाच्या आत असल्यास तरुण चालकाचे आणखी वेगळे. भाऊ तेवीस वर्षांचा असल्याने ही दोन्ही शुल्के लागतील, आणि काही कंपन्या त्या वयाला मोठ्या गाड्या देतही नाहीत. नोंदणीच्या वेळी दिसणाऱ्या भाड्यात हे धरलेले नसते. म्हणून आधी एकूण बेरीज काढा आणि मग ठरवा. बेरीज फारच वाढत असेल तर केवळ तुम्हीच चालवावे आणि भावाने पूर्णवेळ सहचालक व्हावे, हा पर्यायही अजिबात कमीपणाचा नाही, कारण दिवसाला दीड-दोनशे किलोमीटर एक व्यक्ती सहज चालवू शकते. ठेवीची रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावरच अडकवली जाते, भावाचे कार्ड चालत नाही. दोघांनीही मूळ परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना घेऊन भाडे-कंपनीच्या खिडकीवर प्रत्यक्ष हजर राहावे लागते. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यावाचून एकटा ग्राह्य नसतो.

विम्यात काय येत नाही हेही वाचावे. टायर, काचा आणि गाडीचा तळ हे भाग मूळ विम्यातून अनेकदा वगळलेले असतात, आणि घाटात नेमके त्यांनाच इजा होते. ज्या देशांत गाडी न्यायची आहे ते सर्व देश नोंदणीच्या वेळीच सांगावेत. तुमच्या बाबतीत ते जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड आणि लिख्टेनश्टाइन हे सहा होतात. गिअरची गाडी स्वस्त मिळते, परंतु डाव्या बाजूने चालणाऱ्या देशातून आलेल्या माणसाला इथे उजव्या हाताने गिअर बदलावा लागतो आणि तेही चढावरच्या वळणात. म्हणून ऑटोमॅटिकसाठी जास्त पैसे मोजणे हा माझ्या दृष्टीने या यात्रेतला सर्वात सार्थ खर्च आहे.

उजव्या बाजूने चालवण्याची सवय एका दिवसात लागते, पण ती मोडते अगदी अनपेक्षित क्षणी: पेट्रोलपंपावरून बाहेर पडताना, रिकाम्या पार्किंगमधून निघताना, पहाटे समोर एकही गाडी नसताना. अशा प्रत्येक वेळी सहचालकाने मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणावे आणि चालकाने त्यावर चिडू नये, असे आधीच ठरवून टाकावे. याउलट गाडी चालवण्याच्या पद्धतीवर, म्हणजे ब्रेक उशिरा लावला, गिअर आधी बदलायला हवा होता, यावर सहचालकाने प्रत्यक्ष धोका नसेल तर काहीही बोलू नये. हा नियम विशेषतः तुमच्यासाठी आहे, कारण थोरल्या बहिणीला धाकट्या भावाला शिकवायची वर्षानुवर्षांची सवय असते, आणि ऐन वळणावर ‘ताई, तू गप्प बस’ असे ऐकून घेण्याची सवय मात्र नसते. चालकाची अदलाबदल थकल्यावर करू नये, घड्याळ पाहून दर दीड-दोन तासांनी करावी, कारण ‘मी थकलो’ हे भावंडांपैकी कोणीच आपणहून कबूल करत नाही.

घाटात उतरताना ज्या खालच्या गिअरमध्ये चढलात साधारण त्याच गिअरमध्ये उतरावे आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नये. स्वित्झर्लंडच्या डोंगराळ रस्त्यांवर पिवळ्या पोस्ट-बसला प्राधान्य असते, तिचा भोंगा वळणापलीकडे ऐकू आला की रुंद जागी थांबावे. जर्मनी आणि ऑस्ट्रियात मोटारमार्गावर वाहतूक तुंबली की सर्वांत डावीकडच्या रांगेने डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधली वाट मोकळी ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. जर्मनीत याचा दंड दोनशे युरोपासून सुरू होतो. मद्याच्या बाबतीत देशोदेशीच्या मर्यादा लक्षात ठेवण्याचे कष्ट घेऊ नका, त्या दिवशी चालवणाऱ्याने अजिबात घेऊ नये. इंधन भरताना नोझलवरची खूण पाहावी: युरोपीय संघात २०१८ पासून पेट्रोलसाठी वर्तुळ आणि डिझेलसाठी चौकोन अशी समान चिन्हे आहेत.

पैशांचा सामायिक गल्ला पहिल्याच दिवशी करा: दोघांनी ठरावीक रक्कम घालायची आणि गाडी, इंधन, टोल, पार्किंग, खोल्या हे सारे त्यातूनच भागवायचे. तुम्ही नोकरी करता आणि भाऊ शिकतो आहे, असे तुम्ही लिहिले आहे. तेव्हा त्याचा वाटा कमी असेल तर तो किती कमी हे निघण्यापूर्वी आकड्यात ठरवावे, वाटेत ‘राहू दे, मी देते’ असे दर वेळी म्हणत राहू नये. त्याने उपकाराची भावना साचते आणि मार्ग ठरवतानाही धाकटा गप्प राहू लागतो. दंडाविषयी स्वतंत्रपणे बोलून घ्या. कॅमेऱ्याचा दंड तिथल्या तिथे कळत नाही. भाडे-कंपनी आधी तुमची माहिती पोलिसांना दिल्याचे प्रशासकीय शुल्क तुमच्या कार्डावरून कापते आणि मूळ दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी येते. तोवर त्या दिवशी कोण चालवत होते हे दोघांनाही नीट आठवत नसते, किंवा दोघांना वेगवेगळे आठवते. म्हणून दंड आणि अपघातातला आपला हिस्सा हे दोन्ही, कोणीही चालवत असो, गल्ल्यातूनच जातील असे लिहून ठेवा.

खोल्या नोंदवताना दोन स्वतंत्र पलंगांची मागणी स्पष्ट शब्दांत करावी. नुसती ‘दोन माणसांची खोली’ मागितली तर बहुधा एकच मोठा पलंग मिळतो आणि रात्री नऊ वाजता डोंगरातल्या हॉटेलात दुसरी खोली शिल्लक नसते. कुठे थांबायचे, काय पाहायचे, कुठे जेवायचे याचा निर्णय एक दिवस तुमचा आणि एक दिवस त्याचा असू द्या, दुसऱ्याने त्या दिवशी तक्रार न करता मागे जावे. प्रत्येक गोष्टीवर एकमत करत बसलात तर रोजचा तासभर त्यातच जातो. आणि व्हेनिस किंवा डोलोमाइटसारख्या लांब मुक्कामात एक पूर्ण दिवस वेगवेगळे फिरा. आठवडाभर चार हात रुंदीच्या गाडीत कोंडलेल्या दोन सख्ख्यांना त्याची किती गरज असते हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना पटत नाही, म्हणून मी तो दिवस आराखड्यातच लिहून देतो.

व्हिसासाठी दोघांना स्वतंत्र अर्ज करावे लागतील, पण आराखडा एकच जोडावा. ज्या शेंगेन देशात (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी ज्या देशात) सर्वाधिक रात्री आहेत त्याच्याकडे अर्ज करायचा असतो. माझ्या मार्गात तो देश बहुधा इटली ठरेल, तुमच्या मूळ मार्गात फ्रान्स आणि इटली यांच्या रात्री मोजाव्या लागतील. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. शेंगेनच्या आत सीमा उघड्या असल्या तरी जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सर्व भू-सीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळे पारपत्रे बॅगेच्या तळाशी न ठेवता हाताशी असावीत. मोबाइलचे युरोपीय संघापुरते असलेले सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये चालेलच असे नाही. सेंट मॉरिट्झला पोहोचण्याआधी त्या भागाचे नकाशे उतरवून घ्या.

गाडी परत करताना टाकी भरल्याची पावती, दिव्याखाली चारही बाजूंनी काढलेली छायाचित्रे आणि किलोमीटरच्या आकड्याचे छायाचित्र जवळ ठेवावे. ताब्यात घेतानाही हेच करावे, आणि दिसलेला प्रत्येक ओरखडा कागदावर नोंदवून सही घेतल्याशिवाय जागेवरून हलू नये. हे काम भावाकडे द्या, तुम्ही तेवढ्या वेळात खिडकीवरचे कागद वाचा. शक्यतो कार्यालयीन वेळेत, कर्मचारी समोर असतानाच गाडी सोपवा, आणि ठेवीची रक्कम परत आल्यानंतरही ते क्रेडिट कार्ड वर्षभर बंद करू नका.